माहुलीच्या घाटाची मागची फळी

गेल्या महिन्यात दुकानात एक चष्मेवाला तरुण आला. आमच्या दुकानात येणारा माणूस काखेत काहीतरी गुंडाळून आणतो : देव, लग्नाचा फोटो, नाहीतर वारलेले वडील. याच्या हातात नुसती वही होती. मी हिरकणीने काच कापत होतो, तेव्हा मान वर न करताच विचारलं, "काय बसवायचंय?"

"बसवायचं काही नाही," तो म्हणाला. "फळी कापणारे बाबूराव आपणच का?"

मी हिरकणी खाली ठेवली. चाळीस वर्षं मी साताऱ्यात तसबिरी जडवतो आहे. निम्म्या गावाचे देव माझ्या हातून भिंतीवर चढले. त्याबद्दल कोणी पान-सुपारीसुद्धा विचारली नाही, आणि हा मुलगा लांबून मला शोधत आला तो माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गाढवपणाच्या नावाने! तो एका वस्तुसंग्रहालयात कामाला होता. जुन्या छापील चित्रांची माहिती गोळा करत हिंडत होता. रहिमतपुरात एका घरी त्याने एक चित्र पाहिलं, उलटं केलं, आणि मागे माझं नाव वाचलं. तिथे एक लाल रेघ होती, तिच्याबद्दल त्याला एकच प्रश्न विचारायचा होता.

प्रश्न शेवटी सांगतो. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून लकडा लावलाच होता. तेव्हा आधी गाढवपणा लिहून मोकळा होतो.

आमचं काम बाहेरून सोपं दिसतं. चार पट्ट्या, एक काच, मागे पुठ्ठा. पण पट्टीचं टोक केसभर जास्त तिरकं गेलं तर कोपऱ्यात फट राहते, आणि घरी येणाऱ्या पाहुण्याला चित्राआधी ती फट दिसते. तरी पुढची बाजू सोपीच म्हणायची. खरं काम मागे असतं. पुठ्ठा चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकायचा, त्यावर वर्तमानपत्राचा कागद खळीने चिकटवायचा, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. कागदाच्या कोपऱ्यात दुकानाची चिठ्ठी लावायची. ही बाजू भिंतीला लागते. वीस-वीस वर्षं ती खुद्द मालकही पाहत नाही. त्यामुळे मागे काय घातलं याची चौकशी कोणी करत नाही, आणि आम्हीही आपण होऊन सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, लढाईच्या दिवसांत, हे न सांगणं फार उपयोगी पडलं. बाजारातून पुठ्ठा नाहीसा झाला होता. मग मिळेल ते आम्ही मागे ठोकू लागलो. चहाच्या खोक्यांच्या फळ्या, पत्र्याच्या डब्यांची झाकणं, सिनेमाच्या जाहिरातींचे पुठ्ठे. मंगळवार पेठेतल्या एका सत्यनारायणाच्या पाठीशी सिनेमातला खलनायक पिस्तूल रोखून उभा आहे. त्या घरात रोज पूजा होते आणि आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही, म्हणून मीही गप्प आहे.

लढाई संपली तरी पुठ्ठा काही लगेच घरी परतला नाही. अशाच एका सकाळी रहिमतपूरहून यसूबाई आल्या. पासष्टीच्या आसपासच्या, उंच, हाताला शेतकाम केलेल्या बाईची पकड. पटकुरात गुंडाळलेलं एक चित्र त्यांनी माझ्या कामाच्या टेबलावर ठेवलं, आणि त्याच्याशेजारी शेरभर वाघ्या घेवड्याची पुरचुंडी.

"ल्योक लामावरनं, लढाईवरनं, घरी येतोय," त्या म्हणाल्या. "घर सारवलं, भिती रंगवल्या. आता ह्ये तेवढं काळं राह्यलंय बगा."

चित्राची काच चुलीच्या धुराने पिवळी झाली होती. वर कुंकवाचे थरच्या थर. मधे एका देवळाचं शिखर होतं, त्यावर सगळ्यात जाड थर.

"हा कुठला देव, आजी?"

"द्येव न्हाई, नदीवरचा माहुलीचा घाट हाय. पर देवळात द्येव असंलच की! आन् ह्यो छत्रीवाला दिसतोय न्हवं कोपऱ्यात? त्यो आमचा मामंजी. म्हंजी सासरा. जमिनी मोजनाऱ्या पैमाशीच्या सायबाकडं खलाशी हुता. साखळी वडायची, झेंडा धरायचा, तंबू ठोकायचा. सायब घाटावर बसून चित्तर काढायचा तवा मामंजी छत्री धरायचा. सायबानं त्येलाबी चित्रात घातलं आन् चित्तर त्येलाच दिलं. दसऱ्याला आमी समद्या हत्यारांसंगं ह्येचीबी पूजा करतो."

त्या गेल्या, आणि मी कामाला लागलो. इथून पुढे जे मी केलं ते सगळं चांगल्या बुद्धीने केलं, हे कृपा करून लक्षात ठेवा. कुंकू खरवडून काढलं. नवी काच घातली. मागे एक जुनी, पातळ, देवदाराची फळी होती. लाकूड कागदाला टेकलं की कागद तांबूस पडतो, हे आम्हाला माहीत असतं. खास गिऱ्हाइकांसाठी म्हणून मी दोन कोरे पुठ्ठे जपून ठेवले होते, त्यातला एक घेवड्याला जागून यसूबाईंच्या चित्रामागे ठोकला. काढलेल्या फळीवर काजळीखाली काहीतरी लिहिल्यासारखं आणि कागद चिकटवल्यासारखं दिसत होतं. पण जुन्या फळ्यांवर काय, व्यापाऱ्यांची नावंही असतात. फळी खणखणीत होती. मी तिचे आडवे तीन तुकडे केले आणि त्या आठवड्यातल्या तीन लहान कामांमागे ठोकून दिले. वर वर्तमानपत्र, वर चिठ्ठी. झालं.

यसूबाई चित्र न्यायला आल्या त्याच वेळी दुकानात आमचे ड्रॉइंग मास्तर बसले होते. हायस्कुलात शिकवायचे. फार सज्जन माणूस, पण चित्र दिसलं की त्यांना समोरचा माणूस दिसत नसे. त्यांनी ते चित्र उजेडात नेलं, नाक काचेला लावलं आणि किंचाळले, "अहो, हे एचिंग आहे!"

"लय वंगाळ असतं काय?" यसूबाईंनी घाबरून विचारलं.

मास्तरांनी मग आम्हा दोघांना समजावून सांगितलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा. त्यावर सुईने चित्र कोरायचं. पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथे मेण निघालं तिथे तेजाब तांबं खातं. मग त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबून छापायचं. मोजक्या प्रती निघतात, पुढे खाचा झिजतात. या घाटाच्या चित्राबद्दल त्यांनी वाचलं होतं, पाहिलं मात्र कधीच नव्हतं. चित्राभोवती कागदात पत्र्याच्या कडेची बारीक दाबखूण उठली होती, ती दाखवून ते म्हणाले, "बाबूराव, एखाद्या अडाण्याने समास कापून टाकला असता तर ही खूण गेली असती. तुम्ही राखलीत. धन्य आहात!"

मी नम्रपणे मान खाली घातली. खरं म्हणजे जुनी चौकट मापाची होती, म्हणून कात्री लागली नव्हती इतकंच.

सांगलीला त्याच सुमारास जुन्या वस्तूंचं आणि चित्रांचं पंधरा दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं. मास्तरांनी यसूबाईंची इतकी मनधरणी केली की त्या शेवटी वैतागून 'व्हय' म्हणाल्या. एकच अट घातली. "ज्यानं बसीवलंय त्यानं संगं जायाचं. काच फुटली तर ह्येलाच धरीन मी."

अशा रीतीने मी सातारा रोड स्टेशनावर गाडीत बसलो आणि मिरजेला गाडी बदलून, मांडीवर माहुलीचा घाट घेऊन सांगलीत उतरलो. प्रदर्शनात चित्र छान जागी लागलं. खाली पुठ्ठ्याचं कार्ड लागलं : 'साताऱ्याच्या ड्रॉइंग मास्तरांच्या सौजन्याने.' मी म्हटलं, यसूबाईंचं नाव नको का? व्यवस्थापक म्हणाले, "त्यांना कोण ओळखतं? शिकलेल्या माणसाचं नाव असलं की लोक थांबून बघतात." मास्तर जरा अवघडले, पण कार्ड तसंच राहू दिलं. मीही राहू दिलं.

चौथ्या दिवशी रावसाहेब आले. सांगलीच्या गावभागातलं जुनं घराणं, पांढरी मिशी, चांदीच्या मुठीची काठी. चित्रासमोर ते इतका वेळ उभे राहिले की मागची माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली. मग त्यांनी व्यवस्थापकांना बोलावलं.

"हे आमच्या घरचं चित्र आहे," ते शांतपणे म्हणाले. "आजोबांच्या हातची वस्तूंची याद माझ्याकडे आहे. त्यात 'माहुलीचे घाटाचे विलायती काळे चित्र, नग एक' असं लिहिलंय. लहानपणापासून ऐकत आलो, एका खलाशाचं घरी येणं-जाणं होतं आणि चित्र नाहीसं झालं. हे कोणाकडून आणलंत?"

मास्तर पांढरे पडले. "एका... खलाशाच्या सुनेकडून."

मास्तरांइतका साधा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रावसाहेब वाईट नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही. "आजोबांना वस्तूंमागे लिहून ठेवायची सवय होती," ते म्हणाले. "चित्र उलटं करा. लिहिलेलं असेल त्याप्रमाणे होऊ द्या."

चित्र उलटं केलं. मागे कोरं करकरीत वर्तमानपत्र, आणि कोपऱ्यात माझी चिठ्ठी : 'येथे सर्व प्रकारच्या तसबिरी सुबक जडवून मिळतील.'

"जुनी पाठ बदलली," रावसाहेब म्हणाले. "का बरं बदलली असेल?"

तिथे जमलेल्या प्रत्येकाला उत्तर कळलं, आणि ते उत्तर चूक होतं. मी सांगितलं, की फळी मी काढली, लाकूड कागदाला वाईट म्हणून काढली. "मग ती फळी आणा," व्यवस्थापक म्हणाले. चित्र समारोपापर्यंत तिथेच राहील, समारोपाला मालकीणबाईंनी यावं आणि पुरावा दाखवावा. नाहीतर चित्र रावसाहेबांकडे जाईल.

परत येताना मी रहिमतपूरला उतरलो. सांगणं भाग होतं. यसूबाई अंगणात घेवडा झोडपत होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे छत्रीवाल्याचा मुलगा, आत बाजेवर बसले होते. मोतीबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. यसूबाईंनी मला अंगणाच्या पार टोकाला नेलं आणि हळू आवाजात बोलायला लावलं.

"चित्तर ग्येलं तरी म्हाताऱ्याला दिसायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर बाप चोर हुता, ह्ये ऐकू यील. गावात कोनतरी यिऊन सांगनारच की. ऱ्हायलेलं आयुष्य त्यो माणूस मान खाली घालून काढंल. माझा ल्योक मेडल लावून येतोय, आन् त्येला काय सांगू? तुजा आजा चोर?" मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "फळी कुटं हाय?"

तीन तुकडे केले हे सांगताना मला रडू यायचं बाकी होतं.

"मग हुडका की!" त्या कडाडल्या. "मी काय घेवडा निवडत बसू?"

झाली का पंचाईत! तीन तुकडे मी त्या आठवड्यातल्या कामांत घातले होते, पण कोणत्या ते आठवेना. वहीत सतरा-अठरा नावं होती. मग मास्तर आणि मी, चिमटा आणि हातोडी घेऊन साताऱ्यात घरोघर निघालो. दारात जायचं, नमस्कार करायचा आणि विनंती करायची, की तुमचा गणपती जरा उलटा करू का? पहिल्या दोन दिवसांत नऊ घरं झाली. सिनेमाचे पुठ्ठे निघाले, बिस्किटांच्या डब्यांची झाकणं निघाली. माझ्या धंद्याची गुपितं एकेक करून त्या त्या मालकांसमोर उघडी पडत होती. "अहो बाबूराव, आमच्या लक्ष्मीच्या मागे हे काय, घासलेट कंपनीचं झाकण?" एका बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "वहिनी, लढाई होती."

गावात बोलबाला झाला की फ्रेमवाल्याचं डोकं फिरलंय आणि तो देवांना पाठमोरं करत सुटलाय.

पहिला तुकडा शनिवार पेठेत एका पैलवानाच्या घरी सापडला. हातात गदा घेतलेला त्याचा फोटो होता. पैलवान तो काढू देईना.

"पुढल्या आयतवारी माझी कुस्ती हाय गड्या. भितीवरनं मला खाली उतरिवलं तर खाली जानार न्हवं का मी?"

मास्तर म्हणाले, "पैलवान, आम्ही तुम्हाला चीत करत नाही. नुसती पाठ बघतो."

"आरं, पाठच तर दावायची नसती!"

शेवटी त्याने स्वतः फोटो छातीशी धरून ठेवला आणि मी मागून चुका उपसल्या. देवदाराचा तुकडा निघाला! मास्तरांनी ओल्या कापसाने काजळी पुसली. खाली छापील इंग्रजी चिठ्ठी होती, आणि ती वाचताना मास्तरांचा चेहरा पडत गेला. पुण्याच्या कुठल्याशा जुन्या प्रदर्शनाची चिठ्ठी होती. चित्राचं नाव, आणि खाली : चित्र देणाऱ्याचं नाव. ते रावसाहेबांच्या आजोबांचं होतं.

आम्ही दोघं पैलवानाच्या ओसरीवर येऊन बसलो. खरं सांगतो, हा तुकडा बंबात घालावा असं माझ्या मनात आलं. मास्तरांच्याही आलं असावं, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते. 

दुसरा तुकडा तिसऱ्या दिवशी एका न्हाव्याच्या दुकानात, आरशामागे मिळाला. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, अर्ध्या गालाला साबण. आरसा काढल्यावर ते बोंबलू लागलं. "माझं मला त्वांड दिसू दे की रं!" न्हावी म्हणाला, "मला दिसतोय की तू, तेवढं पुरं हाय." या तुकड्यावर साहेबाच्या हातचं इंग्रजी होतं. मास्तरांनी वाचून सांगितलं. 'इठोबा यास. ज्याने एक संपूर्ण उन्हाळा माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि स्वतः उन्हात उभा राहिला.' वर आणखी एक ओळ असावी, पण नेमकी त्याच ओळीवरून माझी करवत गेली होती. या तुकड्याच्या वरच्या कडेला अक्षरांचे नुसते पाय उरले होते आणि पैलवानाच्या तुकड्याच्या खालच्या कडेला नुसती डोकी. मधलं सगळं भुसा होऊन माझ्या दुकानातून कधीच झाडलं गेलं होतं.

चित्र साहेबाने इठोबाला दिलं, हे ठरलं. पण पुढे इठोबाने ते विकलं असेल आणि मग उचललं असेल, असं कोणीही म्हणू शकत होतं. पुण्याच्या चिठ्ठीवर नाव तर रावसाहेबांच्याच घरचं होतं.

समारोपाच्या आदल्या दिवशी मी रहिमतपूरला गेलो आणि दोन्ही तुकडे यसूबाईंसमोर ठेवले. म्हणालो, "आजी, हा साहेबाचा तुकडा एवढाच दाखवू. दुसऱ्याचं कोणाला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बसल्या जागी लहान झालो.

"चोरी न्हाई क्येली ह्ये सांगाया जायाचं," त्या म्हणाल्या, "आन् जाताना फळी चोरायची व्हय? जे हाय त्ये समदं दावा. तिसरी कुटं हाय?"

तिसरी सांगलीतच होती. वहीत उरलेलं एकच काम होतं, साताऱ्यातल्या एका वकिलांच्या मुलीच्या लग्नाचा फोटो. मुलगी सांगलीच्या खणभागात दिलेली, फोटो तिच्याबरोबर सासरी गेलेला. दुसऱ्या दिवशी यसूबाई, मास्तर आणि मी स्टेशनावरून थेट तिच्या दारात गेलो. सासूबाई देवाला गेल्या होत्या, नाहीतर आमचं काम कठीण होतं. मुलगी धीट निघाली. सगळं ऐकून तिने स्वतः स्टुलावर चढून फोटो काढला. "लवकर करा," म्हणाली, "त्या यायच्या आत आम्ही दोघं भिंतीवर हवेत." मी चुका उपसल्या. फळीवर मोडीत चार ओळी होत्या, पण काजळीत बुडालेल्या. पुसत बसायला वेळ नव्हता. फोटोमागे माझा शेवटचा कोरा पुठ्ठा ठोकला आणि आम्ही प्रदर्शनाकडे धावत सुटलो. यसूबाई सगळ्यांत पुढे.

टेबलावर मी तिन्ही तुकडे जोडून मांडले. सगळ्यांसमोर सांगितलं, की फळी मी कापली, मालकीणबाईंना ठाऊकही नव्हतं, लबाडी नव्हती, अक्कल नव्हती. मास्तरांनी दोन्ही इंग्रजी तुकडे वाचले. पुण्याची चिठ्ठी वाचली तेव्हा मंडळींत कुजबुज झाली. यसूबाई पदर खोचून ताठ उभ्या होत्या. रावसाहेबांनी मग तिसरा तुकडा स्वतःच जवळ ओढला. ओल्या रुमालाने हळूहळू पुसला, चष्मा लावला.

"अक्षर आजोबांचंच आहे," ते म्हणाले, आणि मोठ्याने वाचू लागले. "'हे चित्र इठोबा खलाशी रहिमतपूरकर यांचे. पुण्याचे प्रदर्शनात त्यांचे नावे घेईनात, सबब आमचे नावे लाविले. प्रदर्शनानंतर काही मास आमचे घरी राहिले. इठोबा येऊन घेऊन गेले. वस्तू त्यांची त्यांस पावती झाली.'"

मग त्यांनी खिशातून ती घरची याद काढली, व्यवस्थापकांचा टाक घेतला आणि चित्राच्या ओळीवर काट मारली.

"बाई," ते यसूबाईंना म्हणाले, "परत दिल्याचं आजोबांनी फळीवर लिहिलं, यादीत काट मारायची राहिली. तेवढ्यासाठी आमच्या घराने तुमच्या सासऱ्यांना साठ वर्षं चोर म्हटलं. माझं चुकलं." आणि त्या उंच, ताठ म्हाताऱ्याने काठी बगलेत धरून त्यांना हात जोडले.

यसूबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज खणखणीत होता. "तुमच्या आज्यानं खरं लिवलं म्हून माझा मामंजी वाचला. आता त्येवढं ह्या पुठ्ठ्यावरचं नाव बदला की. पुण्याचीच चूक सांगलीत कशापायी?"

मास्तरांनी स्वतः कार्ड उपटलं आणि आपल्या सुंदर अक्षरात नवं लिहिलं : 'मालक : यसूबाई, रहिमतपूर.' शेवटचे दोन तास चित्र उलटं टांगलं होतं. घाटाकडे कोणी बघेना, सगळ्यांना पाठ वाचायची होती.

फळी मी तिथेच दोन उभ्या पट्ट्या मारून जोडली होती आणि पुठ्ठ्याच्या बाहेरून चित्रामागे ठोकली होती. मापाला मापं बसली, खालचा जोड घट्ट मिळाला, पण वरच्या कापावर करवतीचं पातं जेवढं जाड, तेवढी फट राहिली. साहेबाची ओळ गेली ती गेलीच. मास्तरांनी भिंग लावून वरची डोकी आणि खालचे पाय जुळवून पाहिले. छे! त्या माणसाने इठोबाला पहिल्या ओळीत काय म्हटलं होतं, ते माझ्यामुळे आता कोणालाच कळणार नाही. मी यसूबाईंना म्हटलं, "आजी, एवढं मात्र मला भरून देता येत नाही."

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. त्यात कुंकवाची पुडी होती, चित्र सुटलं की लावायला आणलेली. चिमूटभर कुंकू पाण्यात कालवून त्यांनी बोटाने ती फट या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली.

"भरलं," त्या म्हणाल्या. "आता तुमचंबी नाव लिवा. कापलं कुनी त्ये लिवा, आन् जोडलं कुनी त्येबी लिवा."

मी लिहिलं. त्यानंतर आजपर्यंत मी कुठल्याही चित्राची जुनी पाठ दोन वेळा पुसून वाचल्याशिवाय काढलेली नाही, आणि कापलेली तर नाहीच. पैलवान त्या आयतवारी जिंकला, हेही सांगून ठेवतो, कारण हरला असता तर माझं काही खरं नव्हतं.

तर तो चष्मेवाला मुलगा. त्याने वहीत काढलेलं फळीचं चित्र मला दाखवलं आणि विचारलं, "ही मधली लाल रेघ कसली? आमच्याकडे आता फार चांगली रसायनं आहेत. ती पुसली तर खालची ओळ वाचता येईल का?"

मी म्हटलं, "बाळा, खाली ओळ नाही. खाली माझी करवत आहे. वर एका बाईचं बोट आहे. जन्मभर मी काच पुसत आलो, लोकांची कुंकवं खरवडत आलो. तेवढी एक रेघ पुसू नका."